माउंटखालचा मेंढका

कारखाना सुरू झाला की बारामतीच्या हवेत एक गोडसर, किंचित करपलेला वास उतरतो. यंदाही उतरला. गॅलरीत कपडे वाळत घालत होते, वास आला आणि हातातली चादर तशीच धरून मी उभी राहिले. इतरांना या वासानं ऊस आठवत असेल, शेकोटी आठवत असेल, लग्नसराई आठवत असेल. मला लाल डगल्यातले घोडेस्वार आठवतात, आणि त्यांच्या चित्रात आगंतुकासारखा निघालेला एक मेंढका, मेंढरं राखणारा.

नव्वदच्या दशकातला तो हिवाळा. ट्रॅक्टर आले होते, तरी उसाच्या बैलगाड्या अजून होत्या. सकाळच्या धुक्यात त्या दिसायच्या आधी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज यायचा. भिगवण रस्त्याला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, फोटो फ्रेमचं दुकान होतं. दुकानात सरसाचा उग्र वास, जमिनीवर काचेचा चुरा, आणि भिंतीवर एकमेकांना खेटून देव, कैलासवासी आजोबा आणि परदेशातले धबधबे. मी बी.ए. होऊन घरी बसले होते, म्हणजे घरी न बसता दुकानात बसत होते. काच अण्णा कापायचे. माउंट मी कापायची. चित्र आणि काच यांच्या मधे पुठ्ठ्याची जी चौकट असते, ती माउंट. चित्राला ऐसपैस जागा मिळावी म्हणून ती घालतात असं सांगितलं जातं. पण दुकानात बसल्यावर कळतं की माउंट घालतात ते पुष्कळदा झाकायला.

लोक हळूच सांगायचे. लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन यायचे आणि कडेच्या माणसावर बोट ठेवून म्हणायचे, "इथपर्यंत घ्या." तो माणूस म्हणजे वाटणीवरून भांडलेला चुलता असायचा, नाहीतर सोडून गेलेली सून. मी पट्टी ठेवून रेघ मारायची. माणूस पुठ्ठ्याखाली जायचा आणि फोटो सुखी दिसू लागायचा. त्यामुळे असेल, पण कुठलंही फ्रेम केलेलं चित्र पाहिलं की माझी नजर आधी कडेला जाते. इथं कोण असेल, असं वाटतं. ही खोड अजून गेलेली नाही.

त्या हंगामात एके सकाळी भिगवणजवळच्या डाळजचे सोपानराव जीप घेऊन आले. चाळिशीचे, अंगानं भरलेले, पांढऱ्या कपड्यातले. त्यांच्या वडिलांनी उभं आयुष्य मेंढरांमागं काढलं होतं. उजनी धरणाचं पाणी आलं, तशी सोपानरावांनी मेंढरं विकून ऊस लावला, मग द्राक्षं लावली, आणि आता हायवेला लागून नवा बंगला बांधत होते. बंगल्याच्या हॉलसाठी त्यांनी पुण्यात एक जुना बंगला पाडताना विकायला काढलेल्या सामानातून चित्रं घेतली होती. गोधडीत गुंडाळलेली. जीपच्या हिसक्यांनी काचा तडकल्या होत्या, म्हणून ती आमच्याकडे.

गोधडी उघडली आणि अण्णा आणि मी दोघंही पुढं वाकलो. आमच्या दुकानात असलं काही कधी आलंच नव्हतं. दोन चित्रं छापील, विलायतेतली. एकात घोड्यांची शर्यत, पाठीवर चिमणीएवढे जॉकी. दुसऱ्यात शिकार: हिरवीगार टेकडी, लाल डगले, पांढऱ्या विजारी, पुढं कुत्र्यांचा लोंढा, आणि सगळ्यांच्या पुढं, चित्राच्या पार टोकाला, जीव घेऊन पळणारं एक तांबूस जनावर. तिसरं हातानं काढलेलं होतं, जलरंगात. डगले तेच, कुत्री तीच, पण टेकडी हिरवी नव्हती. माळ होता. बाभळी होत्या. तो आपल्याकडचा माळ होता, हे मला बघताक्षणी कळलं. कुणी इंग्रज अधिकारी पुण्याच्या आसपास राहून शिकार करत असेल आणि फावल्या वेळात चित्र काढत असेल.

अण्णांनी छापील शिकारीवर बोट ठेवलं. "कोल्हा."

"कोल्हा न्हाय, खोकड हाय," सोपानराव म्हणाले. "झुपकेदार शेपूट बघा की."

"खात्यात का खोकडाला?"

"छ्या. खात्यात कशाला?"

"मग एवढी माणसं, एवढी घोडी, एवढी कुत्री? एका खोकडाच्या मागं?"

सोपानराव चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. "मला इचाराल तर अण्णा, ही माणसं खोकडाच्या मागं न्हाईत. शिकारीचं निमित्त. हे जमीन बघत फिरत्यात." आणि मग आवाज खाली आणून, "आमच्याकडं बी येत्यात आता. पक्षी बघायला आलोय म्हणत्यात, गळ्यात दुर्बीण, आणि जाताना इचारत्यात, हा तुकडा कुणाचा, त्यो कुणाचा."

असे दिवस होते ते. हिवाळ्यात भिगवणच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरायचे, आणि त्यांच्या मागोमाग पुण्या-मुंबईच्या गाड्या. कोण पक्षी बघायला आलंय आणि कोण सातबारा, हे कुणालाच कळत नसे. गावोगाव अनोळखी गाडी दिसली की माणसं दाराशी येऊन उभी राहायची.

सोपानराव गेल्यावर अण्णांनी चित्रं उलटी करून पाहिली. "चोरीची तर नसतील?" ते म्हणाले. मग शर्यतीचं चित्र उजेडाला धरलं. त्यातल्या घोड्यांचे पुढचे पाय पुढं ताणलेले, मागचे मागं, चारही पाय हवेत. "असं घोडं पळतं का कधी? पोटावर पडंल." त्या चित्रांवर त्यांचा विश्वास बसला नाही तो नाहीच. मलाही ती माणसं पटत नव्हती. शिकारीला निघालेल्या माणसांचे चेहरे इतके स्वच्छ कसे? एकाच्याही डगल्यावर चिखल नाही, एकाही घोड्याला फेस नाही. ज्यानं काढलं त्यानं काहीतरी पुसून घेतलंय असं वाटत राहायचं.

दोन दिवसांनी अण्णा फ्रेमच्या पट्ट्या आणायला पुण्याला गेले आणि दुकानात मी एकटी होते. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. मी जलरंगाचं चित्र पालथं घातलं. मागचे खिळे गंजून लाकडात विरघळल्यासारखे झाले होते. ते काढले, तपकिरी कागद फाडला, भुगा झटकला. माउंट चित्राला घट्ट चिकटून बसला होता. चित्राला पाणी लागू नये म्हणून मी ओल्या फडक्यानं फक्त पुठ्ठ्याची पाठ पुसत, थांबत, पुन्हा पुसत तो सोडवला. पुठ्ठा उचलला गेला, आणि खालच्या अंगाला चित्र आणखी वीतभर निघालं.

त्यात मेंढरं होती. कळप फुटला होता, मेंढरं एकमेकांवर चढत होती, दोन कुत्री त्यांच्यात घुसली होती, आणि एका घोड्याचा खूर वरच्या भागातून खाली या भागात आला होता. आतापर्यंत त्या घोड्याचा पाय कापलेला दिसत होता. आता तो कुठं पडणार होता ते दिसलं. आणि डाव्या कोपऱ्यात तो. खांद्यावर घोंगडं, डोक्याला फेटा, दोन्ही हात पसरलेले, एका हातात काठी. काठी त्यानं घोड्यांवर उगारली होती का मेंढरं वळवायला धरली होती, ते कळत नव्हतं. तोंड उघडं होतं. वरचा भाग उजेडानं पिवळा पडलेला, आणि हा पुठ्ठ्याखाली राहिलेला भाग मात्र काल काढल्यासारखा ताजा. घोंगड्याचा काळा रंग ओला वाटत होता.

मी दार पुढं लोटून घेतलं आणि पुन्हा चित्रासमोर बसले. आधी आनंद वाटला, मग लगेच संशय. कुणी झाकलं याला? ज्यानं काढलं त्यानंच? त्याच्या बायकोनं, पाहुणे जेवायला यायचे म्हणून? की फ्रेमच लहान होती आणि कुणा सुतारानं सोय बघितली? माणसं कापली जातात ती दर वेळी दुष्टाव्यानं नाही, पुष्कळदा मापानं कापली जातात, हे मला धंद्यामुळं माहीत होतं. तरी ते कारण मला पटेना. मी ठरवलं की हा माणूस पुन्हा झाकायचा नाही. नवा माउंट मोठा कापला, पट्टीही रुंद घेतली. जुना माउंट कुजका होता, तो मी बंबात घातला. तो ठेवला असता, तर पुढचं रामायण घडलं नसतं.

सोपानराव चित्रं न्यायला आले तेव्हा मी ते चित्र मुद्दाम समोर उभं करून ठेवलं होतं. वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. त्यांच्या घरचं चित्र होतं ते, एका अर्थी. त्यांनी ते पाहिलं. वाकून पाहिलं. मग सरळ झाले.

"हे माझं न्हाय."

"तुमचंच आहे," मी म्हणाले. "माउंटखाली होतं हे. मी उघडलं तेव्हा निघालं."

"माझ्या चित्रात मेंढरं नव्हती."

मी त्यांना रंगातला फरक दाखवला. वरचा भाग उजेडानं उडालाय, खालचा झाकलेला म्हणून टवटवीत आहे, ही बघा जुन्या माउंटची रेघ. ते ऐकून घेत होते. मग बोट त्या रेघेवर ठेवून म्हणाले, "म्हंजे वरचा रंग जुना हाय आणि खालचा नवा. व्हय ना? तुमीच सांगताय."

"जुना माउंट दाखव त्यांना," अण्णा म्हणाले.

मी सांगितलं की तो बंबात घातला.

"अण्णा," सोपानराव शांतपणे म्हणाले, "तुमची लेक चित्रं काढती. गणपतीच्या मंडळाचा पडदा तिनंच रंगवला, शाळेच्या भिंती तिनंच. सगळ्या बारामतीला म्हाईत हाय. आमी मेंढरं राखायचो, हे बी सगळ्यांना म्हाईत हाय. सायबाचं चित्र घेऊन आलो, हॉलात लावणार म्हणालो. हसला असाल तुमी. पर माझ्याच चित्रात माझा बाप काढून ठेवायचा, ही थट्टा बरी न्हाय."

मला वाटलं होतं ते चोरी म्हणतील, अदलाबदल म्हणतील. हे मला सुचलंच नव्हतं. त्यांनी छापील चित्रं उचलली, हे तिथंच ठेवलं आणि गेले. ते चिडले असते तर मी भांडले असते. त्यांना लागलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना अण्णांनी भाकरी मोडता मोडता, माझ्याकडे न बघता विचारलं, "शालन, तू त्याला हात लावला नाहीस ना? थोडासासुद्धा?"

आई मधे होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणाले, "नाही." ते "बरं" म्हणाले. पण तो "बरं" दार न लावता नुसतं ओढून घेतल्यासारखा होता. मी जेवले. चवळीची उसळ होती, कन्हेरीहून काकांनी पाठवलेली कोवळी मेथी होती. त्यातल्या कशाचीही चव मला लागली नाही. बाहेरचा माणूस काही का म्हणेना. घरातला प्रश्न घशाखाली उतरत नव्हता.

मग तो हंगाम संशयातच गेला. बाजारात बोलणं पसरायला वेळ लागत नाही. लोक फोटो द्यायला येत आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं सही करून देत. कन्हेरीची एक बाई आपल्या कुटुंबाचा फोटो परत नेताना दुकानातच एकेका डोक्यावर बोट ठेवून माणसं मोजून गेली. अण्णा आता दुपारी घरी जेवायला जात नसत, डबा दुकानात मागवत. म्हणत, उन्हाचं कोण जाणार. थंडीचे दिवस होते. मीही कमी नव्हते. मला वाटू लागलं की सोपानरावांनीच हा डाव रचला असेल, चित्र मौल्यवान आहे आणि उद्या ते अदलाबदलीचा आरोप घेऊन येतील. रस्त्यावर जीपचा आवाज आला की माझा हात चित्रावर चादर टाकायला जायचा. कधी कधी तर मी स्वतःच त्या मेंढक्याकडे टक लावून बघायची आणि आठवू लागायची: घोंगड्याचा काळा रंग माझ्या डबीतल्या काळ्यासारखाच नाही का? सगळ्यांनी मिळून विचारलं की माणूस स्वतःलाही विचारू लागतो.

संक्रांत होऊन गेली. हवेत ज्वारीच्या हुरड्याचा धूर होता. एका दुपारी जीप येऊन थांबली. सोपानराव उतरले, आणि त्यांनी मागून एका म्हाताऱ्या माणसाला हात देऊन उतरवलं. तात्या, त्यांचे वडील. काठीसारखे वाळलेले, लाल फेटा, डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांना डोळे दाखवायला आणलं होतं. सोपानरावांच्या काखेत गोधडीतलं एक चित्र होतं.

"त्याच्या जोडीचं हाय," ते अण्णांना म्हणाले. "त्याची काच शाबूत हुती, म्हणून आणलंच न्हवतं. मी उघडलं न्हाय. खिळेबी बघून घ्या. तुमच्या म्होरं उघडायचं म्हणून आणलंय. गेलं कैक दिवस डोक्यातनं जात न्हाय." मग माझ्याकडे वळून, "ताई, तुमी फकस्त हात लावू नका."

मी टेबलापासून लांब, भिंतीला टेकून उभी राहिले. हात पदरात घेतले. वरून दिसणारं चित्र शिकार संपल्यानंतरचं होतं. घोडेस्वार बाभळीच्या सावलीत उतरलेले, एकानं मारलेला कोल्हा शेपटीला धरून उंच केलेला, बाकीचे हसताहेत. अण्णांनी पक्कडीनं खिळे काढले. तेच गंजके खिळे, तोच तपकिरी कागद. फडकं ओलं करून ते पुठ्ठा सोडवू लागले. त्यांना माझ्यासारखं हलक्या हातानं जमत नाही; एरवी मी ते ओढून घेतलं असतं. सोपानराव टेबलावर वाकले होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

पुठ्ठा निघाला. खालच्या अंगाला तोच मेंढका, मांडी घालून बसलेला. पुढ्यात एक मेंढरू आडवं पडलेलं, मान मेंढक्याच्या मांडीवर. वर हसणाऱ्यांपैकी कुणीही खाली बघत नव्हतं. आणि रंग तसाच, काल काढल्यासारखा.

मग सोपानराव सरळ झाले, माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "ताई, माझं चुकलं." एवढंच. सबब सांगितली नाही. मी मान हलवली.

तात्यांनी तोवर चित्र हातात घेतलं होतं. नाक टेकेल इतकं डोळ्यांजवळ धरून ते ते इंचाइंचानं बघत होते. सोपानरावांनी विचारलं, "दिसतंय का तात्या? आपल्यातला हाय बघा."

"आपल्यातला न्हाय," तात्या म्हणाले. "आसला फेटा कोण बांधतंय? सायबानं घरी बसून बांधलाय." मग चित्र थोडं तिरपं केलं. "पर मेंढरू मेलेलं हाय. त्ये बराबर काढलंय."

सोपानरावांनी दोन्ही चित्रं हॉलात लावली, उघडी, पूर्ण. वास्तुशांतीला आम्ही गेलो होतो. कारखान्याचे, तालुक्याचे मोठे लोक आले होते, सोफ्यावर बसून लाडू खात होते. सोपानराव येणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून आधी घोडे दाखवत आणि मग खालचा कोपरा. काही लोक हसायचे. काही गप्प होऊन पुढं जायचे. तात्या मात्र त्या खोलीत बसले नाहीत. ते बाहेर ओट्यावर बसले होते, उन्हाला पाठ देऊन.

पण मला त्या हिवाळ्यातली जी गोष्ट सोडत नाही, ती त्याच्या आधीची, जोडीचं चित्र उघडलं त्या दुपारची. जीप गेली. अण्णा नव्या पट्टीला सरस लावत बसले. मी काचेचा चुरा झाडत होते. मला वाटत होतं, आता ते काहीतरी बोलतील. सोपानराव परके असून बोलले होते. अण्णा पट्टीचा कोपरा जुळवत होते, पुन्हा सोडवत होते, पुन्हा जुळवत होते. शेवटी मीच म्हणाले, "अण्णा, तुम्हालाही वाटलं होतं ना, मीच काढलाय म्हणून?"

त्यांनी कोपरा दाबून धरला. "वाटलं होतं."

"का?"

"चांगला होता म्हणून," ते म्हणाले.

मी झाडू तसाच धरून उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही. सरस वाळेपर्यंत कोपरा सोडता येत नाही, त्यामुळं त्यांना पाहायची गरजही नव्हती.

अण्णांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ते खरं बोलले, की लेकीच्या नजरेतून उतरलेला बाप त्या घटकेला सुचेल तसं सावरून घेत होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अण्णा सहसा कौतुक करणारे नव्हते, म्हणून खरं वाटतं. आणि ते फार लवकर, फार नेमकं बोलले, म्हणून शंका येते. पुढं त्यांच्यासोबत त्या दुकानात मी कितीतरी हिवाळे काढले. विचारायला पुष्कळ दुपारी होत्या. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मग माझ्याजवळ एकच उत्तर उरलं असतं.